सहा नंबर तुमचे, पाच माझे, 3100 गेले

लिहू का नको असं चार दिवस चाललेलं, पण अजून कुणीतरी फसेल म्हणून लिहितोय. हसायचं असेल तर हसा, घरात हसून झालंय.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलेलो, दर्शन झालं, कपाळाला गुलाल, मूड एकदम भारी. डोंगर उतरताना रस्त्याकडेला एकजण रेक्झिनचा पट टाकून बसलेला. दोन फासे टाकायचे, बेरीज 2, 3, 4, 10, 11 नाहीतर 12 आली की तुम्ही जिंकला, 5 ते 9 आली की तो. "पावणं, सहा नंबर तुमचे, माझे पाचच. यात्रा हाय म्हणून तोट्यात खेळतोय." शेजारी एकजण सारखा जिंकत होता, तो कोणाचा माणूस ते सांगायला नको.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात 15 वर्षं हिशोब लिहितोय. सहा विरुद्ध पाच म्हटल्यावर मला वाटलं हाच खुळा आहे!

पहिले 9 डाव शंभरचे, 4 जिंकलो 5 हरलो, म्हणजे फक्त 100 गेले. मग भरून काढायला 500 चे 18 डाव. 6 जिंकलो, 12 हरलो, 3000 गेले. रोख 700 आणि स्कॅन करून 2400. (बायकोला रोखीचेच माहीत आहेत.)

आता जे आठवलं की अंगाचा जाळ होतोय ते सांगतो. मध्येच मी चेष्टेत म्हणालो, दमलो बाबा, तुझे पाच मला दे आणि माझे सहा तू घे. तर पठ्ठ्या हसला आणि म्हणाला, "जास्तीचे नंबर सोडून कमी कशाला मागताय पावणं?" आणि फासे टाकले. अरे जो माणूस तोट्यातले पाच नंबर सोडत नाही त्याचा तोटा कसला? तिथंच उठायला पाहिजे होतं, आणि मी खुळ्यागत अजून 500 लावले.

घरी आल्यावर दहावीतल्या पोरीनं वहीवर लाल आणि निळ्या पेननं जोड्या मांडल्या, नमुना अवकाश की काय ते, एकूण 36. बेरीज 2 एकाच जोडीनं येते, 12 पण एकाच. पण 7 बघा, 1-6, 6-1, 2-5, 5-2, 3-4, 4-3, सहा जोड्या! मी म्हटलं 1-6 काय अन 6-1 काय, एकच की. ती म्हणाली, पप्पा फासे दोन आहेत, लालवर 1 निळ्यावर 6 वेगळं आणि उलटं वेगळं. माझ्या सहा नंबरांच्या जोड्या 12, त्याच्या पाचांच्या 24. म्हणजे तीन डावांत तो दोनदा जिंकणार, मी एकदा. 18 डावांत 6, तेवढेच जिंकलो, एक पण जास्त नाही. त्यामुळं नंबर किती दिलेत ते बघू नका, जोड्या मोजा.

आणि मला अडाणी म्हणू नका. गॅलिलिओलासुद्धा लोकांनी विचारलेलं म्हणे, तीन फाशांत 9 पण सहा प्रकारे येतो, 10 पण सहा प्रकारे, मग 10 जास्त का पडतो. त्यानं असंच उलटं-सुलटं वेगळं धरून मोजून सांगितलं, 216 पैकी 9 चे 25 आणि 10 चे 27. असले प्रश्न मला यात्रेच्या गर्दीत दोन मिनिटांत कसे सुटणार?

चौकीत गेलो तर साहेब विचारतात, फासे खोटे होते का? नाही. त्यानं नंबर लपवले का? नाही. मग फसवलं कुठं? वर म्हणे जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे, रस्त्यावर खेळलात म्हणून तुमच्यावरच केस करू का? अर्ज घेतला नाही, पोच तर लांबच. आणि तो पट दिवसभर बंदोबस्ताच्या शेजारी मांडलेला, तो कुणाला दिसला नाही होय? बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलाय म्हणून खिडकीवरूनच वाटेला लावलं, मॅनेजरसाहेब जेवायला. साडेतीन वाजता!

रोखीनं खेळू नका आणि स्कॅन तर अजिबात करू नका, पैसे इतके सोप्पे जातात की कळत नाही. पहिला डाव जिंकलात तर लगेच उठा.

रविवारी रंकाळ्यावर तसलाच पट दिसला, माणूस दुसरा. मी उभ्यानंच म्हटलं, पाच नंबर माझे, सहा तुझे, लाव 500. त्यानं फासे खिशात घातले आणि म्हणाला, "पुढं जावा."