दारूबंदीच्या बडोद्यातला बिस्त्रो

कांद्याचं सूप टेबलावर आलं तेव्हा मी चमच्याने वरचं चीज बाजूला सारून आधी खालचा कांदा पाहिला. नोकरीची सगळी वर्षं पेट्रोकेमिकल्सच्या प्रयोगशाळेत गेली. रंगावरून आचेचा अंदाज बांधायची सवय तिथलीच. कांदा गडद बदामी होता, कुठे काळा कण नाही, कडेला जळकी रेषा नाही. मंद आचेवर तासभर तरी कुणीतरी त्याच्यापाशी उभं राहिलं होतं. कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की जो रंग आणि खमंगपणा येतो, त्याचं शास्त्रीय वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. त्या सूपच्या वाटीत ती क्रिया अगदी शेवटापर्यंत नेलेली होती.

प्रतापगंजात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर हा आठ टेबलांचा बिस्त्रो, म्हणजे फ्रेंच धाटणीची छोटी घरगुती खाणावळ, आहे. भिंतीलगत एक सलग बाक, समोर खुर्च्या, खडूने लिहिलेला फळा, आणि स्वयंपाकघराला एक रुंद खिडकी. शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येतं आणि आपलंही त्यांना जातं. मला ते आवडलं. पॅरिसमधले बिस्त्रोही अशाच लहान जागांतून वाढले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातून आलेली माणसं पॅरिसला कोळसा विकत आणि त्याच दुकानात वाईनचे पेले भरून देत. हळूहळू तिथे गरम जेवणही मिळू लागलं. हे कांद्याचं सूप तर ले आल नावाच्या बाजारातल्या हमालांचं. रात्रभर ओझी वाहिल्यावर पहाटे ते पीत. तो घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजीसला गेला, सूप मात्र राहिलं.

पण गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. फ्रेंच स्वयंपाकातून वाईन काढली तर उरतं काय, हा प्रश्न मनात घेऊनच मी गेलो होतो. वाईन फक्त पेल्यात नसते. ती पदार्थाला आंबटपणा देते, भांड्याच्या तळाला धरलेला खमंग थर सोडवते, आणि त्यातलं अल्कोहोल काही वास उचलून नाकापर्यंत पोचवतं. मुंबई-पुण्याकडे या अडचणीवर उत्तर शोधावं लागत नाही. इथे शोधावंच लागतं.

आम्ही तिघं मराठी बोलतोय हे ऐकून शेफ स्वतः बाहेर आला. तिशीतला मुलगा, बडोद्याचाच, काही वर्षं पुदुच्चेरीला फ्रेंच स्वयंपाकघरांत काम करून परतलेला. मी विचारलं, "अरे, पातेलं कशाने सोडवतोस?" तो म्हणाला, "काका, चिंचेच्या पाण्याने. अगदी पातळ. कळता कामा नये." मला मनापासून आनंद झाला. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतही तेच भरपूर असतं. त्याने आंबट म्हणून काहीतरी घातलं नव्हतं, नेमकं तेच आम्ल दुसऱ्या झाडाकडून मागून आणलं होतं. सूपमध्ये चिंच म्हणून लागत नाही. कांद्याचा गोडवा जिथे जिभेवर बसायला लागतो, तिथे तो उचलला जातो एवढंच. रस्सा मटणाच्या हाडांचा नाही, भाजलेल्या मशरूमचा आणि कांद्याच्या सालींचा आहे, म्हणून शाकाहारी माणसालाही चालतो. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विरजण, नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. बडोद्यात हे सांगावंच लागतं आणि त्याने ते आदराने सांगितलं. एका वाटीचे ३२० रुपये, आणि ते योग्य आहेत.

कमी पडला तो वास. अल्कोहोलचं ते काम चिंच करू शकत नाही. थाईम आणि लोण्यावर त्याने बरंचसं भागवलं आहे, तरी वाटी नाकाजवळ नेल्यावर जी वाफ यायला हवी तिच्यात एक थर नाही. चवीत मात्र उणेपणा जाणवला नाही.

हिने रातातुई घेतली. नीसकडचा हा पदार्थ. वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची वेगवेगळं परतून मग टोमॅटोत एकत्र आणायचं. वांगी खंडेराव मार्केटची होती, कोवळी आणि बिया न धरलेली, आणि प्रत्येक भाजीची चव आपापली राहिली होती. मेहुणीचं ऑम्लेट आत मऊ, बाहेर कुठेही तपकिरी डाग नाही. मी मोहरीच्या सॉसमधलं चिकन मागवलं. मांस छान शिजलं होतं, सॉस खारट होता. दिजों या फ्रेंच शहराच्या नावाने मिळणाऱ्या वाटलेल्या मोहरीत मीठ असतंच, त्यावर वरून पुन्हा पडलं असणार. मी शेफला तसं सांगितलं आणि त्याने तिथेच चमचा बुडवून चाखून पाहिलं.

पाव हा मात्र खरा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये पारंपरिक ‘बागेत’ या लांबट पावासाठी १९९३ पासून नियमच आहे की तो मुळात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचाच करायचा, वरून रासायनिक द्रव्यं मिसळायची नाहीत. इथेही ते पाळतात, हे पोत पाहून पटतं. पण असा पाव काही तासच खरा असतो आणि आपल्याकडच्या श्रावणातल्या हवेत त्याचं कवच त्याआधीच ओल धरतं. सकाळी भाजलेला पाव रात्री साडेआठला चिवट झाला होता. पावसाळ्यात तरी संध्याकाळी दुसरी खेप भाजायला हवी, निदान देण्यापूर्वी भट्टीत दोन मिनिटं तापवायला हवा. सूप एवढ्या निष्ठेने करणाऱ्या घरात पावाची ही हयगय मनाला लागते.

आणि आता नासपती. फ्रान्समध्ये ती साल काढून, लवंग-दालचिनी घालून लाल वाईनमध्ये शिजवतात. इथे ती कोकमाच्या आगळात शिजते. शेफची आजी रत्नागिरीकडची, आगळ अजून तिकडूनच येतं. लाल द्राक्षाला आणि कोकमाला रंग देणारी द्रव्यं एकाच कुळातली, अँथोसायनिन. त्यामुळे फळ गाभ्यापर्यंत तसंच गर्द लाल होतं. वरचा पाक आटवून चकाकता केलेला, खारेपणाची अगदी पुसट छटा, आणि खाली घट्ट साय. ही नासपती नकलेच्या पलीकडे गेली आहे. वाईन मिळत असती तरी मी हीच मागवली असती. हिने पहिला घास खाल्ला आणि ताटली माझ्याकडे सरकवली नाही, यात सगळं आलं. क्रेम ब्रुलेही चांगलं आहे. साखरेचं कवच कडक आणि खालचं कस्टर्ड थंडगार. पण ते इतरत्रही मिळेल.

तिघांचं बिल करासकट तीन हजारांच्या आत आलं. फळ्यावरची नावं फ्रेंच आहेत, पण वाढणारा मुलगा प्रत्येक पदार्थ गुजरातीत नीट समजावतो, घाई करत नाही. एसीचा झोत थेट दाराजवळच्या दोन टेबलांवर येतो आणि तिथे सूप लवकर निवतं, म्हणून फोन करताना खिडकीजवळचं टेबल मागा. घरातल्या ज्येष्ठांना न्यायचं असेल तर साडेसातची वेळ घ्या, नंतर गजबज वाढते. नासपत्या रोज मोजक्याच शिजतात. त्या बसल्याबसल्याच सांगून ठेवा.