'स्पिरिट ऑफ ईडन': काही महिने ऐकल्यानंतर

'इट्स माय लाइफ' बऱ्याच जणांना नो डाउटने 2003 मध्ये पुन्हा गायल्यामुळे माहीत आहे. मूळ गाणं लंडनच्या टॉक टॉकचं, 1984 चं. सिंथ, घट्ट ठेका, एकदा ऐकलं की ओठांवर येणारं धृपद. याच बँडचा 1988 चा अल्बम 'स्पिरिट ऑफ ईडन' मी गेले काही महिने ऐकतेय.

आधी कसा ऐकावा ते सांगते. लोकलमध्ये नको. सुरुवातीला ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं इतकी हळू वाजतात की गर्दीत काही पोचतच नाही. आवाज वाढवावा, तर पुढे अँपमधून चिरकत येणारा माउथऑर्गन कानात घुसतो. रात्री, घर निजल्यावर, चांगल्या हेडफोनवर ऐका. शफल बंद ठेवा. पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळत सलग वीसेक मिनिटं चालतात. 'डिझायर'मध्ये गिटार आणि ड्रम्स उसळतात, ते आधीची शांतता पचवली असेल तरच अंगावर येतात.

ही शांतता आली कुठून? बँडचा आधीचा अल्बम 'द कलर ऑफ स्प्रिंग' 1986 मध्ये चांगला खपला, म्हणून पुढच्या अल्बमसाठी पैसा आणि वेळ हाताशी होता. बँडचा गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी तो वेसेक्स स्टुडिओत, जवळजवळ अंधारात, खर्ची घातला. ध्वनिमुद्रणाला फिल ब्राउन. डबल बासवाला डॅनी थॉम्पसन, व्हायोलिनवाला नायजेल केनेडी यांच्यासारखे वादक बोलवायचे, सुचेल ते वाजवू द्यायचं आणि त्यातले थोडेच सूर ठेवून बाकी सगळं पुसायचं. लोकप्रियतेतून मिळालेली मोकळीक हॉलिसने वाद्यं वाढवण्यापेक्षा वगळण्यासाठी वापरली, याचं मला फार अप्रूप वाटतं. विलंबित ख्यालात दोन स्वरांमधली जागा ऐकायची सवय असलेल्या कानाला हे लवकर उमगेल.

सगळ्यात जवळचं झालंय 'आय बिलीव्ह इन यू'. विषय हेरॉइनचा, पण उपदेश कुठेच नाही. चेम्सफर्ड कॅथेड्रलच्या गायकवृंदाचे स्वर येतात तिथे मी हातातलं काम बाजूला ठेवते, दर वेळी. ली हॅरिसचे ड्रम्स मात्र कळायला वेळ लागला. तो काहीच 'करत' नाही, एकच संथ ठेका धरून राहतो, आणि त्याच्याच आधारावर बाकीचे भटकू शकतात. 'इनहेरिटन्स' अजून मनात नीट बसलेलं नाही. हॉलिसचे शब्दही पुटपुटल्यासारखे येतात, त्यामुळे एकदा गीतं समोर ठेवून ऐकावं लागतं.

बँडची रेकॉर्ड कंपनी ई.एम.आय.ला यातून हिट गाणं मिळालं नाही, बँडने दौराही केला नाही, आणि दोघांचं प्रकरण कोर्टात गेलं. 1991 चा 'लाफिंग स्टॉक' दुसऱ्या कंपनीकडून आला. 1998 मध्ये हॉलिसचा एकच एकल अल्बम, त्यानंतर 2019 मध्ये जाईपर्यंत तो संगीतापासून जवळपास दूरच राहिला.

नव्याने ऐकणार असाल तर थेट इथून सुरुवात नको. आधी 'द कलर ऑफ स्प्रिंग' आठवडाभर ऐका, मग हा. 'लाफिंग स्टॉक' आणखी कठीण आहे, त्याची घाई करू नका.