पहाटेची टर्की की साडेनऊनंतरची?

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम असतो, त्या स्प्रिंग सीझनच्या पहिल्या टप्प्यात दुपारी 12 वाजता शिकार थांबवावी लागते. त्यामुळे नोकरी सांभाळून टर्कीमागे जाणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. पहाटे जंगलात बसून आठ वाजता ऑफिसची वाट धरायची, नाहीतर अर्ध्या दिवसाची रजा टाकून नऊ ते बारा बसायचं. पहाटेपासून बारापर्यंत सलग बसेन असं ठरवणं सोपं असतं. पण तीनला उठलेल्या माणसाचं अंग साडेनऊला जड होतं, हात नकळत हलतो, आणि टर्कीची नजर एवढी तीक्ष्ण की तेवढं तिला पुरतं.

रॉथरॉक स्टेट फॉरेस्टच्या ओकच्या डोंगरांत मी सात वसंत काढलेत. पहिले चार पहाटेचे, नंतरचे तीन बहुतेक उशिराचे. माझा अनुभव तेवढाच आहे, हे आधी सांगून ठेवतो.

आवाज मोजायचे तर पहाटेशी कुणाची बरोबरीच नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत जंगलात ध्वनिमुद्रक लावून अभ्यास झालेत, त्यांतही बहुतेक गॉबल, म्हणजे नर टर्कीच्या गडगडत्या सादा, सूर्योदयाच्या आसपासच नोंदले गेले. झुंजूमुंजू होताना बार्ड घुबड घुमतं आणि रात्रभर फांदीवर बसलेला नर तिथूनच गडगडून उत्तर देतो. घुबडाशी त्याचं काही नातं नाही, अचानक आलेला कुठलाही मोठा आवाज त्याला चालतो. आपल्याकडे मेघगर्जनेला मोर साद देतो, तसंच हे. एप्रिलअखेर झाडांना पालवी पुरती फुटलेली नसते, त्यामुळे समोरच्या डोंगरावरची सादही स्वच्छ येते. ज्यानं ती कधी ऐकली नाही, त्यानं एकदा तरी पहाटे जावं. शिवाय पहाटेला रजा लागत नाही, हा काही लहान फायदा नव्हे.

माझं बिनसलं ते नर झाडावरून उतरल्यानंतर. फांदीवर असताना तो तीस-चाळीस वेळा गॉबल करतो. मी शंभर पावलांवर झाडाला पाठ लावून बसलेला, स्लेटवर, म्हणजे घासून आवाज काढायच्या पाटीवर, हलकेच मादीचा आवाज काढतो, आणि प्रत्येक आवाजाला त्याचं उत्तर येतं. मग पंखांची फडफड होते, तो खाली उतरतो आणि सगळं चिडीचूप. निसर्गाचा नियम असा की मादीनं नराकडे यायचं, नरानं पिसारा फुलवून उभं राहायचं. जवळच्या झाडांवरच्या माद्या उतरून थेट त्याच्यापाशी जातात. हवं ते मिळाल्यावर तो ओरडेल कशाला? सगळा थवा धारेपलीकडे निघून जातो. मागे जाता येत नाही, कारण इथे वसंतात फक्त आवाज काढून बोलवायची परवानगी आहे, दबकत पाठलाग करायला बंदी आहे. ती योग्यच आहे, झुडपातून येणारा मादीचा आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. एका वर्षी सलग सहा दिवस माझ्यासमोर हेच झालं. सहाव्या दिवशी थव्याच्या शेपट्या धारेआड गेल्या, तेव्हा वेळ बदलायची असं मी ठरवलं.

उशिराच्या वेळेला बळ देते ती मादीच. ती दिवसाला साधारण एक अंडं घालते आणि दहा-बारा अंडी होईपर्यंत हा क्रम चालतो. अंडं घालायला ती नराला सोडून घरट्याकडे जाते, आणि हे बऱ्याचदा सकाळ वर आल्यावर घडतं. पुढे अंडी उबवायला बसली की सुमारे 28 दिवस बहुतेक वेळ घरट्यावरच. मग पहाटे माद्यांनी वेढलेला तोच नर दहा वाजता एकटा फिरत असतो. तेव्हा तो चाळीस वेळा ओरडत नाही, एकदा ओरडतो, फार तर दोनदा. पण त्या एका सादेत तो खरोखर कुणाला तरी शोधत असतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. सव्वादहाला मी कावळ्याचा आवाज काढला आणि खालच्या घळीतून एकच गॉबल आला. बसलो, बॉक्स कॉलवर, म्हणजे मादीचा आवाज काढायच्या लाकडी पेटीवर, चार सुरांची साद घातली आणि कॉल खाली ठेवला. पुन्हा आवाज नाही. दहा-बारा मिनिटांनी पाचोळा वाजला आणि तिसेक पावलांवर लाल डोकं वर आलं, छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, स्पष्ट दिसत होती. पहाटेच्या चार वर्षांत एवढ्या जवळ एकही नर आला नव्हता.

उशिराच्या वेळेला त्रासही आहेत. दहानंतर वारा सुटतो, पानं फुटली की आवाज दबतो आणि जवळचा नर लांब वाटतो. गोचिड्यांसाठी पायमोजे विजारीवर ओढूनच बसावं. कित्येक दिवस एकही साद ऐकू येत नाही, तरी हलून चालत नाही, कारण नर मुक्यानंही येतो. ज्याला शांतता सोसत नाही, त्यानं पहाटच धरलेली बरी. तुमच्या डोंगरावर माद्या कमी असतील, तर पहाटेचा नर सरळ तुमच्याकडे चालत येईलही.

तरी कुणी विचारलंच, तर मी म्हणेन की रजा मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. त्याआधी एक-दोन पहाटा बंदूक न घेता फक्त ऐकायला जा, नर कुठल्या धारेवर रात्र काढतो आणि कुठे उतरतो ते पाहून ठेवा. रजेच्या दिवशी साडेनऊला त्याच उतरण्याच्या जागेजवळ, खांद्यांहून रुंद ओक बघून बसा. माद्या गेल्यावर तो पुष्कळदा तिथेच परत येतो.