प्रोस्टेट वाढली आहे: थांबायचं, गोळ्या घ्यायच्या की ऑपरेशन?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'प्रोस्टेट ४५ ग्रॅम' असं दिसलं की सगळं घर धास्तावतं. पण पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेल्या या ग्रंथीची ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि नुसत्या वजनावरून उपचारही ठरवू नयेत. ३० ग्रॅमची ग्रंथी मूत्रमार्ग आवळू शकते, तर ८० ग्रॅमची कधी काहीच त्रास देत नाही. रात्री किती वेळा उठावं लागतं, धार सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे महत्त्वाचं. त्यासाठी डॉक्टर सात प्रश्न विचारून ३५ पैकी गुण देतात. ७ पर्यंत त्रास सौम्य, २० पासून पुढे तीव्र.

सौम्य त्रासात थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळनंतर पाणी बेताचं प्यावं, चहा-कॉफी आणि दारू टाळावी. सर्दीच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत, काहींनी लघवी अचानक तुंबू शकते.

गोळ्यांच्या बाबतीत खरा घोळ होतो, कारण त्या दोन वेगळ्या प्रकारच्या असतात. टॅम्सुलोसिन स्नायू सैल करतं. काही दिवसांतच धार सुधारते, पण ग्रंथी लहान होत नाही. उठताना चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगावी. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने ग्रंथी आकसते, पण त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. महिनाभरात 'गुण नाही' म्हणून ती सोडणं चुकीचं. ग्रंथी मुळात लहान असेल तर या गोळीचा फारसा उपयोग नाही. काहींची कामेच्छा कमी होते. शिवाय पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी रक्तात मोजला जाणारा घटक) जवळपास निम्म्यावर येतो, तेव्हा रिपोर्ट बघणाऱ्याला गोळी चालू असल्याचं माहीत हवं.

धार सर्वात जास्त सुधारते ती ऑपरेशनने. ते मूत्रमार्गातून दुर्बिणीने होतं, पोटावर काप नसतो, कॅथेटर (लघवीची नळी) थोडे दिवस राहतो. त्यानंतर बहुतेकांचं वीर्य मूत्राशयात उलटं जातं. ताठरता सहसा टिकते, तरी हे आधी मोकळेपणाने विचारून घ्यावं. ग्रंथी फार मोठी असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर लेसर बरं पडतं. लघवी वारंवार अडकत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडावर ताण येत असेल, तर ऑपरेशन लांबवू नये. त्यात फक्त आतला वाढलेला भाग निघतो, बाहेरचा राहतो. म्हणून कॅन्सरची तपासणी नंतरही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावी.