स्प्रिंग, शॉकअप की कॉइलओव्हर? मराठवाड्यात धावणाऱ्या आयात जीटीआय-आरएससाठी

गाडी खाली बसवावी का, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिची उंची कमी करावी का, हे दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलंच असतं. ते एखाद्या गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाला विचारावं.

2025 मध्ये थेट आयात होऊन आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घ्या. कंपनीच्या आकड्याप्रमाणे तिचं पोट जमिनीपासून 136 मिमीवर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकातला गोल गतिरोधक 10 सेंमी उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. गाडी त्याच्या बरोबर मधोमध आली तरी पुढची-मागची चाकं त्याच्याच उतारावर असतात. 2.63 मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) धरला तर पोटाखालचे जेमतेम 5 सेंमी खर्ची पडतात, साडेआठ उरतात. पण असा मापातला गतिरोधक आपल्याकडे शोधावा लागतो. शाळेपुढे रातोरात टाकलेला डांबराचा ढीग दीड-दोन हात रुंद असतो. पुढची चाकं उतरून सपाटीला लागतात, मागची अजून चढलेली नसतात आणि ढिगाची सगळी उंची पोटाखाली येते. ढीग 12 सेंमीचा असेल तर 16 मिमी शिल्लक राहतात. गाडी 25 मिमी खाली घेतली की 9 मिमी कमी पडतात. चार माणसं आणि डिकीत सामान असेल तर मागची बाजू आणखी दोन-अडीच सेंमी बसते, हे वेगळंच.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जीटीआय आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस या दोन्ही गाड्या साध्या भावंडांपेक्षा कंपनीतूनच सुमारे 15 मिमी खाली येतात. म्हणजे एकदा खाली बसवलेली गाडीच तुम्ही पुन्हा खाली बसवत असता.

नुसत्या स्प्रिंगा

सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात वाईट पर्याय. आयबाख प्रो-किट किंवा एच अँड आरच्या स्प्रिंगा गाडी साधारण 25 ते 30 मिमी खाली घेतात आणि जरा कडकही असतात. शॉकअप मात्र जुनेच राहतात. ते मऊ स्प्रिंगेसाठी बेतलेले, त्यामुळे दाबली गेलेली कडक स्प्रिंग उलटताना त्यांना आवरत नाही. शिवाय पिस्टन रॉड कायम 25 मिमी आत ढकललेला राहतो. खड्ड्यात चाक वर जायला जेवढी जागा होती, त्यातली तेवढी गेली. मग दर मोठ्या धक्क्याला गाडी रबराच्या बंपस्टॉपवर बसते आणि लोक म्हणतात, ‘स्प्रिंग लई हार्ड आहे’. बहुतेक वेळा तो धक्का स्प्रिंगेचा नसतोच, बंपस्टॉपचा असतो.

आणखी एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या मॅकफर्सन रचनेत (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) चाक धरणारा खालचा दांडा, लोअर आर्म, आडव्या रेषेच्या पलीकडे गेला की गाडीचं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती ती वळणात झुकते) बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली सरकतं. म्हणजे गाडी दिसते खाली, पण वळणात झुकण्याचा जोर कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

उंची तीच, शॉकअप नवे

मराठवाड्यात राहून रोज गाडी चालवणाऱ्यासाठी आमचं मत इकडे झुकतं. कारण इथल्या रस्त्यांचे दोष दोन तऱ्हेचे आहेत आणि त्यांच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत.

पहिला दोष काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्यासोबत हलतं आणि रस्त्याला लांब लाटा पडतात. लातूर-धाराशिवकडे त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या येतात. जीटीआयसारख्या गाडीची पुढची बॉडी सेकंदाला साधारण 1.3-1.4 वेळा वरखाली होते (चाकामागे 390 किलो भार आणि चाकापाशी 28 न्यूटन प्रति मिमी कडकपणा धरून केलेला हिशोब). ताशी 80 ने जाताना 16-17 मीटर लांबीच्या लाटा बरोबर याच तालावर येतात. शॉकअप थकलेले असतील तर गाडी पोहायला लागते. हे थांबवायला लागतो रिबाउंडचा, म्हणजे दाबलेली स्प्रिंग उसळून परत येण्याचा ताबा, आणि तो शॉकअप देतो, स्प्रिंग नाही.

दुसरा दोष काँक्रीटचा. समृद्धीसारख्या सिमेंट रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी 120 ला म्हणजे सेकंदाला सातच्या वर ठोके. उभ्या दिशेचं कंपन माणसाला सगळ्यात जास्त 4 ते 8 हर्ट्झ या पट्ट्यातच जाणवतं. 6 किलो (सुमारे 59 न्यूटन) प्रति मिमीची स्प्रिंग लावली तर पुढच्या बॉडीचा ताल 1.3 वरून 1.8-1.9 वर जातो आणि हे ठोके पाठीपर्यंत जास्त पोचतात. जालन्याहून नागपूरपर्यंत तसं बसून बघा.

बाजारात या गटात दोन स्वभाव आहेत. बिल्स्टीन बी6 हा मोनोट्यूब (एकाच नळीचा), पुढे उलटा बसवलेला, मूळ उंचीच्या स्प्रिंगेसोबत चालणारा. वेगात आणि औट्रम घाटात गाडी घट्ट धरतो, हळू वेगाच्या बारीक खाचखळग्यांत मात्र मूळपेक्षा जरा टणक वाटतो. कोनी स्पेशल ॲक्टिव्ह याच्या उलट. त्यातला झडपेचा भाग झटपट बारीक हालचालीला तेल मोकळं सोडतो आणि संथ मोठ्या हालचालीला आवळतो. सांधे सोडून द्यायचे, लाटा धरायच्या, नेमकं आपल्याला हवं तेच. मात्र नव्या पिढीच्या गाडीसाठी तो संच निघतो का, हे चॅसिस क्रमांकावरून तपासूनच पैसे भरा. बी6 घेतानाही तेच करा, कारण कंपनीतून खाली आलेल्या काही गाड्यांना बिल्स्टीन आखूड बी8 सांगते.

उंची थोडी कमी हवीच असेल तर जोडीचा संच घ्या. बिल्स्टीन बी12 म्हणजे आखूड बी8 शॉकअप आणि आयबाखच्या स्प्रिंगा एकत्र. निदान स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना ओळखतात. युरोपातल्या भावात हा संच नुसत्या स्प्रिंगांच्या साधारण तिप्पट-चौपट पडतो. त्यावर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर. शॉकअप जड असल्याने कुरिअरचा आकडा आधी विचारा.

कॉइलओव्हर

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र संच, त्यात आट्यांवरच्या रिंगेने उंची बदलता येते. केडब्ल्यू कंपनीचा व्ही1 फक्त उंची बदलू देतो, व्ही2 मध्ये रिबाउंड येतो, व्ही3 मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दाबलं जाताना होणारा विरोध) वेगवेगळे. बिल्स्टीन बी14 ला उंचीच आहे, बी16 ला दहा टप्प्यांचा एकच नॉब. तैवानच्या बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत तीस टप्पे मिळतात, पण एका नॉबने दोन्ही दिशा एकदम घट्ट होतात. तीस टप्पे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक मालक दोन टप्प्यांत रमतात, घरचा आणि घाटाचा.

जीटीआय आणि आरएस ज्या सामायिक एमक्यूबी सांगाड्यावर बनतात, त्या गाड्यांत मागे कॉइलओव्हर हा शब्द तसा खोटाच आहे. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, उंचीची थाळी स्प्रिंगेखाली किंवा वर बसते. मागची उंची बदलणं त्यामुळे सोपं जातं.

इथल्या मातीचा विचार करा. केडब्ल्यूची स्टेनलेस बॉडी समुद्राकाठच्या किंवा मीठ टाकणाऱ्या देशातल्या गाडीला वरदान आहे. मराठवाड्यात गंज हा मोठा शत्रू नाही. शत्रू आहे आट्यांत बसलेला काळ्या मातीचा चिकटा. पावसाळ्यात शेतरस्त्यावर दोनदा गेलात आणि तो तसाच वाळू दिला की रिंग हलत नाही, सी-स्पॅनर घसरतो आणि आट्या चेपतात. म्हणून आधी ब्रशने माती काढायची, मग पाणी, मग कोरडं वंगण. तेल किंवा ग्रीस लावलं तर धूळ त्यालाच चिकटते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीला, रिंग दोन आटे सैल करून पुन्हा त्याच मापावर आणून ठेवा.

वर कॅम्बर प्लेट (चाकाचा उभा झुकाव बदलणारी थाळी) आणि पिलोबॉल (धातूचा गोल सांधा) असलेला संच रोजच्या गाडीला घेऊ नका. रबराचं माउंटिंग नसल्याने प्रत्येक खडा केबिनमध्ये वाजतो, आणि आपल्या धुळीत ते सांधे लवकर खिळखिळे होतात. कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

मागचा जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) हा एक उपाय लोक विसरतात. पुढून ओढणारी गाडी वळणात नाक बाहेर टाकते, ते याने कमी होतं आणि उंची जशीच्या तशी राहते. काही गाड्यांत मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) थोडी उतरवावी लागते. तोटा इतकाच की बार दोन चाकांना बांधतो, त्यामुळे एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूला पोचतो आणि डोकं डावी-उजवीकडे हेलकावतं.

पैसे भरण्याआधी एक केबल टाय

शॉकअपवरचं धुळीचं रबर वर सरकवा. चमकत्या रॉडवर एक बारीक केबल टाय घट्ट बांधून तो खाली शॉकअपच्या बॉडीला टेकवा आणि उरलेलं शेपूट कापा. मग नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या माणसांसह पन्नास किलोमीटर जा. परत आल्यावर, गाडी चाकांवर उभी असताना, बॉडी ते टाय अंतर मोजा. तेवढी हालचाल तुम्ही वापरली. टाय बंपस्टॉपला जाऊन भिडला असेल तर मूळ उंचीवरच जागा संपते आहे, आणि खाली घेण्याचा विषय तिथेच मिटला. उलट्या बसवलेल्या बिल्स्टीनवर ही युक्ती चालत नाही, रॉड आत लपलेला असतो.

बसवताना काय चुकतं

पुढच्या स्ट्रटचा (शॉकअपच्या खांबाचा) व्यास 50 मिमी आणि 55 मिमी अशा दोन मापांत येतो. संच मागवण्याआधी नकलच्या (चाकाचा हब धरणारा धातूचा भाग) चिमट्यात बसलेल्या भागाजवळ व्हर्नियर लावा. हे न मोजल्यामुळे महिनाभर वाट पाहून आलेलं खोकं परत जातं.

स्ट्रट काढताना नकलच्या फटीत स्प्रेडर घालून पाव फेरा फिरवायचा असतो. छिन्नी ठोकून फट उघडली तर ॲल्युमिनियमच्या नकलला तडा जाऊ शकतो. कंपनी जे बोल्ट टॉर्क अधिक अंशाच्या मापाने आवळायला सांगते ते एकदाच वापरायचे असतात. जुना बोल्ट पुन्हा लावू देऊ नका, नवे आधीच मागवा. वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही त्याच वेळी बदला, नाहीतर महिन्याने स्टेअरिंग फिरवताना टणटण सुरू होते.

सगळ्यात जास्त होणारी चूक बुशची, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबराची. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि फिटर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतो. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्यामुळे सुरू करण्याआधी, गाडी चाकांवर असताना, हबचं केंद्र ते फेंडरची कड हे अंतर मोजून लिहून ठेवा. शेवटी जॅकने हब तेवढा उचलून (खाली बसवलेल्या गाडीत नव्या उंचीच्या मापाने) मगच बोल्ट आवळून घ्या.

गाडीत डीसीसी (कडकपणा विजेवर बदलणारे शॉकअप) असेल तर शॉकअपमध्ये वायर जाते. साधे शॉकअप लावले की डॅशबोर्डवर इशारा येतो. त्यासाठी रद्द करणारं मॉड्यूल किंवा कोडिंग लागतं. उंची बदलली तर हेडलाइटचा झोत आणि पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करून घ्या.

व्हील अलाइनमेंट लगेच एकदा, आणि स्प्रिंगा बसल्यावर तीन-चारशे किलोमीटरने पुन्हा. पुढचा कॅम्बर सबफ्रेम सरकवून थोडाच बदलतो, मागचा मात्र बोल्टने जमतो. मागचा न जुळवल्यास टायर आतून कातरला जातो आणि बाहेरून तो नवाच दिसतो.

कोणी काय घ्यावं

2020 मध्ये फक्त 200 आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस 245 पैकी जुनी घेतली असेल तर अपग्रेड हा शब्दच विसरा. आधी थकलेले शॉकअप, माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड. इतकं केल्यावर निम्म्या मालकांना आणखी काही लागत नाही. नवी जीटीआय किंवा 2025 ची आरएस वॉरंटीत असेल तर शॉकअपला हातच लावू नका. सस्पेन्शनचा दावा नाकारायला बदललेला भाग पुरेसं निमित्त असतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवायचा असतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना आडवं येतं.

तोवर एक स्वस्त उपाय आहे. जीटीआयच्या 225/40 आर18 टायरची भिंत 90 मिमी असते, 225/45 आर17 ची 101. बाहेरचा व्यास फक्त 3 मिमीने कमी होतो, पण खड्ड्याच्या काठावर रिम आणि डांबर यांच्यात 11 मिमी जास्त रबर येतं. रिमचा पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5×112, मधलं भोक 57.1 मिमी. रिम विकत घेण्याआधी टायर न चढवलेली एक रिम पुढच्या हबवर लावा, पाचही बोल्ट आवळा आणि हाताने पूर्ण फेरा फिरवा. जीटीआयचे पुढचे ब्रेक मोठे आहेत. कॅलिपर आणि रिम यांच्यात 3 मिमीची पट्टी सगळीकडून मोकळी फिरली तरच पुढे जा.