माजी सैनिकांचं आरोग्य शिबिर, धुळे : पहिलं टेबल नापास, दुसरं पास

सुभेदार म्हणून निवृत्त झालो, वय ७१. शिबिरात शुगर, बीपी, ईसीजी सगळं व्यवस्थित झालं. लिहायचंय ते नशेच्या तपासणीबद्दल.

पहिल्या टेबलावरच्या फॉर्मात एकच ओळ : 'व्यसन – तंबाखू / दारू / इतर'. भांग, गांजा सगळं 'इतर'मध्ये कोंबलेलं. लिहून घेणारा पोरगा मोठ्यानं विचारतो, "आबा, गांजा वगैरे?" मागे रांग, शेजारी सूनबाई उभी. कोण हो म्हणणार? माझ्यापुढचे नाना तर भडकलेच, "मी काय गांजाड्या शे का?" झालं, 'नाही'वर खूण.

दुसरं टेबल पडद्याआड होतं. तिथल्या सिस्टरनं आधी सांगितलं, हे फक्त डॉक्टर बघतील, पेन्शनशी याचा काही संबंध नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेची 'असिस्ट' प्रश्नावली काढली. गेल्या तीन महिन्यांत एकदाही नाही, एकदोनदा, महिन्याला, आठवड्याला की रोज? तलफ येते का? घरचे बोलतात का? ४ ते २६ गुण म्हणजे मध्यम धोका, २७ पासून पुढे जास्त. मूळ कागदावर भांग-गांजा-चरस एकाच गटात आहेत. बाईंनी डोकं लावून वेगवेगळं विचारलं. नाना तिथं पंधरा मिनिटं बसले. एवढा वेळ 'नाही' म्हणायला लागत नाही!

वेगळं विचारायलाच हवं. २०१९ च्या सरकारी पाहणीत वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २ टक्के आणि गांजा-चरसवाले १.२ टक्के निघाले. होळीची भांग आणि रोजची चिलीम एकाच रकान्यात कशी बसेल? आमच्या वयात तर भांग-गांजानं उठताना चक्कर येऊन पडायची भीती, त्यात कुणाला रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरला खरं कळायलाच पाहिजे.

लघवीच्या पट्टीचं मात्र हसू आलं. तिथं दोन रेघा म्हणजे काही सापडलं नाही, एक रेघ म्हणजे सापडलं. मदतनीस उलटंच लिहायला निघाला होता, सिस्टरनं हात धरला. शिवाय रोज ओढणाऱ्याची पट्टी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. किती ओढतो हे ती सांगत नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या खेपेला पहिलं टेबल काढा, पडद्याआड दोन सिस्टर बसवा. आणि पोहे गरम द्या राव.