नोमहून कुत्री घरी न्यायची: प्रवासी विमान की मालवाहू?

इडिटारॉड ही अलास्कातली कुत्र्यांनी ओढलेल्या स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) लांब शर्यत नोम गावात संपते आणि नोमला बाकी अलास्काशी जोडणारा रस्ताच नाही. व्हाइटहॉर्स-फेअरबँक्स अशा जुन्या युकॉन क्वेस्ट शर्यतीनंतर कुत्री ट्रकच्या खोक्यांत बसवून थेट घर गाठता यायचं. इथे विमानच हवं. गंमत बघा, १९२५ साली घटसर्पावरचं औषध नोमला न्यायला विमानाचा भरवसा नव्हता, म्हणून अलास्कातल्याच नेनाना गावापासून सुमारे १,०८५ किलोमीटर कुत्र्यांनीच ते आणलं होतं.

अलास्कातल्या अँकरेज शहराला जाणाऱ्या नेहमीच्या प्रवासी विमानाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पण प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र पिंजरा लागतो, त्यात त्याला उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. दहा कुत्री म्हणजे दहा पिंजरे, तेही शर्यतीआधीच नोमला पोचवलेले. शिवाय विमानाच्या पोटातली सामानाची जागा मर्यादित आणि परतायची घाई सगळ्यांनाच एकाच आठवड्यात. टीम दोन फेऱ्यांत विभागली, तर दोन्ही टोकांना माणूस हवा.

भाड्याच्या मालवाहू विमानात स्लेज, हार्नेस (कुत्री जुंपायचे पट्टे), कुत्री सगळं एकदम जातं. भाडं मात्र अख्ख्या विमानाचं. दोन-तीन मशरनी (स्लेज हाकणाऱ्या स्पर्धकांनी) वाटून घेतलं तर परवडतं, पण मग शेवटच्या टीमची वाट बघत बसायचं. आणि वादळ आलं की दोन्ही विमानं सारखीच अडकतात.

माझ्या मते खरा प्रश्न उकाड्याचा आहे. कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीत धावलेल्या, दाट केसांच्या कुत्र्याला आपल्याला बरी वाटणारी ऊबही सोसत नाही, ते धापा टाकू लागतं. भाड्याच्या विमानात तापमान कमी ठेवा असं वैमानिकाशी थेट बोलता येतं. प्रवासी विमानात हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावं लागतं. शांत राहावीत म्हणून गुंगीचं औषध मात्र देऊ नका. त्याने रक्तदाब आणि श्वास मंदावू शकतो, आणि उडत्या विमानाच्या पोटात बघायला कुणी नसतं. तसंही सुमारे १,६०० किलोमीटर धावलेल्या कुत्र्याला झोपवायला औषध कशाला?

पाच-सहा कुत्री घेऊन पोचलात तर प्रवासी विमान घ्या. दहाच्या पुढे असतील, तर निघण्याआधीच जोडीदार मशर शोधून मालवाहू विमान ठरवा.

शर्यतीच्या वाटेत चेकपॉइंटवर, म्हणजे थांब्यावर, मागे सोडलेली कुत्री या हिशोबात धरू नका. त्यांना आयोजकांचे स्वयंसेवक वैमानिक छोट्या विमानांनी चेकपॉइंटवरून उचलतात, आणि ती तुमच्या आधी परततात. म्हणून सगळेच हँडलर (कुत्री सांभाळणारे मदतनीस) नोमच्या जल्लोषाला नेऊ नका, एकाला अँकरेजलाच थांबवा.